गरम पेय म्हणजे नेमकं कोणतं? मॉर्मन चहा-कॉफीबंदीचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या युटा राज्यात सकाळी कामावर निघालेल्या गाड्यांच्या रांगा सोड्याच्या दुकानांपुढे लागतात. गाडीतून न उतरता खिडकीतून लिटरभराचा ग्लास घ्यायचा. त्यात डाएट कोक, नारळाचं सिरप, लिंबू आणि वर हवं तर क्रीम. या प्रकाराला तिथे 'डर्टी सोडा' म्हणतात. २०१० साली सेंट जॉर्ज गावात 'स्विग' नावाचं दुकान निघालं आणि मग त्याची लाटच आली. हा ग्लास हातात धरलेल्या मॉर्मन माणसापुढे तुम्ही अर्धा कप चहा ठेवलात, तर तो हसून नको म्हणेल. त्याला हॉट चॉकलेट चालतं, कोल्ड कॉफी चालत नाही. पुदिन्याची पानं उकळून चालतात, ग्रीन टी चालत नाही. अर्जेंटिनातले त्याचे धर्मबंधू येर्बा माते पितात. ते गरमही असतं आणि त्यात कॅफीनही असतं, तरी त्याला कुणाची हरकत नाही.

म्हणजे नियम तापमानाचा नाही आणि कॅफीनचाही नाही. मग कशाचा?

या पंथाचं अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नये असा आग्रह २०१८ पासून त्यांच्या नेतृत्वाने धरला आहे. वाचकाला तेच ओळखीचं आहे म्हणून इथे वापरतो आहे, हेटाळणीचा हेतू नाही.

चहा-कॉफी का नको, या प्रश्नाला या पंथात जवळजवळ दोनशे वर्षांत निदान चार वेगवेगळी उत्तरं दिली गेली आहेत. उत्तरं बदलत राहिली, पण चहा आणि कॉफीची नावं यादीतून कधी गेली नाहीत. माझ्या मते या प्रकरणात पाहण्यासारखं जे काही आहे ते यातच आहे.

ओहायोतली खोली

१८३३ चा फेब्रुवारी. ओहायो राज्यातलं कर्टलंड गाव. पंथ स्थापन होऊन तीन वर्षंही झालेली नव्हती. संस्थापक जोसेफ स्मिथ सत्तावीस वर्षांचे होते आणि एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर पत्नी एमासह राहत होते. तिथल्याच एका खोलीत धर्मप्रसारकांची शाळा भरे. पुढे पंथाचे दुसरे अध्यक्ष झालेले ब्रिगम यंग यांच्या सांगण्याप्रमाणे खोली जेमतेम अकरा बाय चौदा फुटांची. मंडळी न्याहारी करून जमायची, पाइप पेटवायची, ईश्वरी राज्याच्या गोष्टी करायची आणि सगळीकडे थुंकायची. पाइप विझला की तंबाखूचा बार. स्मिथ शिकवायला आत येत तेव्हा धुराच्या ढगातच शिरत. जमीन घासायचं काम अर्थातच एमाकडे. तिने तक्रार केली, स्मिथ यांनी परमेश्वराला विचारलं आणि २७ फेब्रुवारीला प्रकटीकरण झालं, म्हणजे देवाचा आदेश मिळाला. तेच 'वर्ड ऑफ विस्डम'. पंथाच्या 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' या धर्मग्रंथात ते ८९ वं प्रकरण आहे.

ही हकीकत यंग यांनी १८६८ मध्ये सांगितली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. शिवाय त्या दिवशी ते खोलीत नव्हते. तरी थुंकीचा तपशील खरा वाटतो. असा तपशील कुणी पंथाची शान वाढवायला रचत नाही.

दुसरी हकीकत अधिक खट्याळ आहे. डेव्हिड व्हिटमर हे सुरुवातीच्या अनुयायांपैकी एक, पुढे १८३८ मध्ये पंथाबाहेर काढले गेले. पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांनी सांगितलं, की एमा उपरोधाने म्हणाली, तंबाखू पाप आहे असं एखादं प्रकटीकरण झालं तर बरं होईल. त्यावर पुरुषांत थट्टा सुरू झाली. एकाने सुचवलं, मग त्यात चहा-कॉफीही बंद करा. हा टोला बायकांना होता. तुम्ही आमची तंबाखू काढता, तर आम्ही तुमचा चहा काढतो. थट्टेचा विषय पुढे गंभीरपणे घेतला गेला, असं व्हिटमर म्हणतात. दुरावलेल्या माणसाची आठवण म्हणून ही जपूनच घ्यावी लागते. पण घराघरात कुणाची सवय आधी सुटणार यावरून चालणारा झगडा ज्याला माहीत आहे, त्याला ही गोष्ट चटकन पटेल.

मूळ मजकूर काय सांगतो ते आता पाहू. मद्य आणि 'तीव्र पेयं' नकोत. धार्मिक विधीला द्राक्षारस चालेल, पण तो शुद्ध आणि घरी केलेला. तीव्र पेयं अंग धुवायला वापरावीत. तंबाखू माणसासाठी नाही, मुका मार लागलेल्यांना आणि आजारी गुरांना औषध म्हणून आहे. फळं आणि वनस्पती ऋतूप्रमाणे खाव्यात. मांस अगदी बेताने, तेही शक्यतो हिवाळ्यात, थंडीत किंवा दुष्काळात. गहू माणसाला, मका बैलाला, ओट घोड्याला. पाळणाऱ्याला वचन असं, की तो धावेल आणि थकणार नाही.

यात आपल्या विषयाचं एकच छोटं वाक्य आहे: गरम पेयं शरीरासाठी किंवा पोटासाठी नाहीत. चहाचं नाव नाही, कॉफीचंही नाही. आणि अगदी सुरुवातीलाच म्हटलंय, की हे आज्ञा म्हणून किंवा सक्ती म्हणून दिलेलं नाही.

हे सगळं आकाशातून पडलं असं समजायचं कारण नाही, निदान इतिहासकाराला तरी. त्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात दारूबंदीची चळवळ जोरात होती. बोस्टनमध्ये तिची राष्ट्रीय संस्था १८२६ मध्येच निघाली होती आणि कर्टलंडमध्येही मद्यनिषेध मंडळ स्थापन झालं होतं. सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचे धर्मोपदेशक कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचा पुरस्कार करत आणि मांस, चहा, कॉफी सोडायला सांगत. ग्रॅहम बिस्किटांना त्यांचंच नाव आहे. वैद्यकातही उत्तेजक पदार्थांनी शरीराची शक्ती आधी भडकते आणि मग खचते असा समज होता. फार गरम पदार्थांनी जठर दुबळं होतं, असंही मानलं जाई. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ अमेरिकेत पोचली होती, त्यामुळे पोटात काय जातं याची धास्ती घरोघरी होती. श्रद्धावान म्हणतील, देवाने त्या काळाच्या भाषेत उत्तर दिलं. इतिहासकार म्हणेल, त्या काळाने प्रश्नही दिला आणि उत्तरही.

चहा-कॉफीची नावं आली कुठून?

नियम आला, पण 'गरम पेयं' म्हणजे काय यावर घोळ चालूच राहिला. सूप धरायचं का? गरम पाणी? जोसेफ यांचे थोरले भाऊ हायरम स्मिथ यांनी १८४२ मध्ये इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावी दिलेलं प्रवचन पंथाच्या 'टाइम्स अँड सीझन्स' या नियतकालिकात छापलं गेलं. ते म्हणाले, पुष्कळांना शंका आहे की यात चहा-कॉफी येतात की नाही, तर मी सांगतो, येतात. पंथाचं अधिकृत स्पष्टीकरण आजही यापलीकडे गेलेलं नाही. सुरुवातीच्या नेत्यांनी सांगितलं, म्हणून गरम पेय म्हणजे चहा आणि कॉफी, बस्स. ब्रिगम यंग यांचा युक्तिवाद आणखी सरळ होता: ते प्रकटीकरण झालं तेव्हा लोक गरम काय पीत होते? चहा आणि कॉफी. मग अर्थ तोच.

पाळण्याच्या बाबतीत मात्र पहिली कित्येक दशकं ढिलाई होती. जॉर्ज ए. स्मिथ हे जोसेफ यांचे चुलतभाऊ. त्यांनी सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एक कुटुंब दूरचा प्रवास करून कर्टलंडला आलं. राहायची सोय होईपर्यंत आमच्याकडेच उतरा, असं जोसेफ म्हणाले. प्रवासाने थकलेल्या म्हाताऱ्या बाईंना एमाने विचारलं, घोटभर चहा घेता का, की कॉफी? झालं! प्रेषिताच्या घरात चहा विचारतात म्हणून ते अख्खं कुटुंब पंथ सोडून गेलं. जिच्या तक्रारीतून नियम निघाला असं सांगतात, तीच पाहुण्यांना चहा विचारते आहे. इथे पाहुणचार नियमाला वरचढ ठरला आणि पाहुण्यांना तेच खटकलं.

२७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि हायरम यांची हत्या केली. त्याच दुपारी कैद्यांनी वाइन मागवली होती, आणि ती धार्मिक विधीसाठी नव्हती, असं सोबत असलेल्या जॉन टेलर यांनी पुढे स्पष्ट लिहून ठेवलं. नॉवू सोडून पश्चिमेकडे निघताना पाच माणसांच्या कुटुंबाने सोबत काय घ्यावं याची यादी १८४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पीठ, बंदूक, मीठ यांच्या जोडीला चहा आणि कॉफीही होती. तेव्हाच्या माणसांना ही विसंगती बोचत नसावी, कारण त्यांच्या लेखी तो सल्ला होता.

पैसा खोऱ्याबाहेर जाऊ नये

पुढे युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वस्ती झाल्यावर कारणाने कूस बदलली. ब्रिगम यंग यांनी १८५१ च्या अधिवेशनात चहा, कॉफी, तंबाखू आणि व्हिस्की सोडण्याची सामुदायिक शपथ पुढे केली. लोकांनी ती घेतली आणि बरेचजण विसरले. १८६० च्या दशकात यंग यांनी विषय पुन्हा लावून धरला, तेव्हा त्यांच्या बोलण्यात पोटाइतकाच खिसा होता. चहा, कॉफी आणि तंबाखू बाहेरून यायची आणि त्यापायी रोकड खोऱ्याबाहेर जायची. रोकड आधीच दुर्मीळ, त्यात रेल्वे येऊ घातलेली. १८६९ च्या मे महिन्यात प्रॉमंटरी समिट इथे पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी पंथाने 'झेडसीएमआय' हे आपलं सहकारी भांडार काढलं होतं.

ही आर्थिक बाजू लिओनार्ड ॲरिंग्टन या मॉर्मन अर्थ-इतिहासकाराने १९५९ मध्ये मांडली. त्यांचं म्हणणं पटतं ते एका गोष्टीमुळे. यंग यांनी दक्षिण युटात तंबाखू स्थानिक पातळीवर पिकवायलाही सांगितलं होतं आणि तिथे द्राक्षमद्यही तयार होत असे. निव्वळ आरोग्याचा किंवा पापाचा प्रश्न असता, तर पीक कुठलं याने काय फरक पडणार होता? आपल्या मातीतलं व्यसन एकवेळ परवडेल, आयात केलेलं परवडणार नाही, असा तो हिशेब होता. चहा त्या वाळवंटी मुलखात पिकण्यातला नव्हता, म्हणून त्याची सुटका नव्हती.

१९२१: सल्ल्याचा झाला दाखला

प्रकरणाला खरी कलाटणी इथे मिळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॉर्मन माणूस कशाने ओळखला जाई? बहुपत्नीत्वाने. सगळी अमेरिका त्यांना त्यावरूनच ओळखत होती आणि शिव्याही त्याच्याच. केंद्र सरकारने कायद्याचा फास आवळला, मालमत्तेवर टाच आणली आणि १८९० मध्ये पंथाला बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर करावं लागलं. १९०४ मध्ये दुसरी, अधिक कडक घोषणा करावी लागली. वेगळ्या प्रदेशात, वेगळ्या अर्थव्यवस्थेत, वेगळ्या कुटुंबरचनेत राहणारा समाज वीस-पंचवीस वर्षांत चारचौघांसारखा अमेरिकन झाला. मग 'आपण' आणि 'ते' यांत फरक तो काय उरला?

याच काळात 'वर्ड ऑफ विस्डम' वर आलं. १९०६ पासून वरिष्ठ नेतृत्वाने स्वतःच्या प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारसाऐवजी पाणी वापरायला सुरुवात केली. आणि १९२१ मध्ये अध्यक्ष हेबर ग्रँट यांच्या काळात मंदिरात प्रवेश मिळण्यासाठी हा नियम पाळणं आवश्यक झालं. थॉमस अलेक्झांडर या इतिहासकाराने या प्रवासाचं वर्णन तत्त्वापासून अटीपर्यंत असं केलं आहे. बहुपत्नीत्वाने रिकामी केलेली जागा आहारनियमाने भरून काढली, हा अर्थ मला सगळ्यांत सबळ वाटतो. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ पंगतीत न बोलता सांगते की याच्या पानात काय वाढायचं नाही. मॉर्मनाच्या हातात नसलेला कप तेच काम करू लागला.

अट म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवं, कारण नियमाचा सगळा जोर त्यातच आहे. मॉर्मनांचं मंदिर आणि रविवारची प्रार्थनासभा या वेगळ्या जागा. सभेला कुणीही जाऊ शकतं. मंदिरात जायला दाखला लागतो. तो आधी स्थानिक बिशप आणि मग त्याच्या वरचा अधिकारी समोर बसवून, ठरावीक प्रश्न विचारून देतात आणि तो दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. त्यांतला एक प्रश्न असा, की तुम्ही 'वर्ड ऑफ विस्डम' समजून घेऊन पाळता का? पती-पत्नी आणि मुलं मृत्यूनंतरही एकत्र बांधली जातात असा त्यांचा विश्वास आहे आणि तो विधी फक्त मंदिरात होतो. दाखला नसेल तर पोटच्या मुलीचं मंदिरातलं लग्नही आईबापांना आत जाऊन पाहता येत नाही. चहा प्यायला म्हणून कुणाला पंथातून काढत नाहीत. फक्त दाराबाहेर बसावं लागतं. रोजच्या एका कपाची किंमत ही आहे.

त्याच ८९ व्या प्रकरणातल्या मांसाचं काय झालं? मांस बेताने खावं हे तिथे चहा-कॉफीपेक्षा कितीतरी स्पष्ट लिहिलेलं आहे. पाचवे अध्यक्ष लोरेन्झो स्नो यांना तो भाग इतर भागांइतकाच महत्त्वाचा वाटत होता. पण दाखल्याच्या प्रश्नोत्तरात मांस कधी आलं नाही आणि युटातल्या रविवारच्या जेवणात आजही भाजलेलं मांस निःशंकपणे असतं. शास्त्रवचनातलं सगळंच नियम बनत नाही. कुणीतरी निवड करतं आणि ती निवड काय सांगते ते पाहावं लागतं. मांस सोडलं असतं तर हे लोक शाकाहारी सुधारकांच्या छोट्या गटात जाऊन बसले असते. दारू आणि तंबाखूच्या विरोधात उभं राहिल्याने ते त्या काळच्या प्रतिष्ठित प्रोटेस्टंट अमेरिकेच्या शेजारी उभे राहिले आणि चहा-कॉफीमुळे तिच्यापासून वेगळेही राहिले. देशव्यापी दारूबंदी तेव्हा घटनेतच आली होती. गंमत अशी, की डिसेंबर १९३३ मध्ये ती उठवायला लागणारी छत्तिसाव्या राज्याची संमती युटाने दिली. अध्यक्ष ग्रँट यांना ते चांगलंच लागलं.

कॅफीनचा फाटा

विसाव्या शतकात शिकलेल्या मॉर्मनांना वैज्ञानिक कारण हवं होतं. चहा आणि कॉफी यांत समान काय? कॅफीन. उत्तर इतकं सोयीचं होतं, की लोकांनी ते अधिकृत असल्यासारखंच धरलं. पण ते धरलं की पुढचा प्रश्न येतोच: मग कोकाकोलाचं काय? काही घरांत कोला वर्ज्य झालं, काहींत दुपारी जेवणाबरोबर चालू राहिलं आणि दोन्ही घरं एकाच सभेला जात राहिली. १९७२ मध्ये नेतृत्वाने कोलाविषयी थेट भूमिका घेतलेली नाही असं सांगून, सवय लावणाऱ्या घातक द्रव्यांची पेयं टाळा असा मोघम सल्ला दिला.

२०१२ मध्ये मॉर्मन असलेले मिट रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते आणि साऱ्या देशाचं लक्ष या पंथाकडे लागलं होतं. मॉर्मन कॅफीन घेत नाहीत, असं एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात म्हटलं गेलं. त्यावर पंथाने खुलासा केला, की आरोग्यविषयक प्रकटीकरणात कॅफीनचा उल्लेखच नाही. पंथाच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात कॅफीनयुक्त कोला मिळायला मात्र २०१७ उजाडलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंथाच्या तरुणांसाठीच्या मासिकात आणखी स्पष्टता आली. कॉफीचं नाव लाते असो की मोका, ती कॉफीच. थंड केली तरी कॉफीच. ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाचे, म्हणून दोन्ही नकोत. 'गरम' या शब्दातून उष्णता आता पूर्ण निघून गेली.

विज्ञानाने यात एक खोडी काढून ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कॉफी कर्करोगकारक आहे असं ठरवता येत नाही, असा निष्कर्ष दिला. त्याच अहवालात ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली कोणतीही पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा घातक, असं मात्र म्हटलं. म्हणजे १८३३ चं वाक्य शब्दशः घेतलं असतं तर त्याला थोडा आधार मिळाला असता. कडकडीत हॉट चॉकलेट संशयित ठरलं असतं आणि कोल्ड कॉफी सुटली असती. तंबाखूबद्दल मात्र त्या मजकुराला वादच नाही. अमेरिकेत धूम्रपानाचं सर्वांत कमी प्रमाण असलेलं राज्य युटाच आहे आणि त्याचा फायदा तिथल्या आरोग्यात दिसतो. चहा-कॉफीला या यशात वाटा देण्याचा मोह पंथातल्या पुष्कळांना होतो. तो मला ओढूनताणून वाटतो.

मग आजचं कारण कोणतं?

आज विचारशील मॉर्मनाला छेडलं, तर तो आरोग्याची बाजू फार ताणत नाही. आम्ही वचन दिलं आहे, असं तो म्हणतो. चहा वाईट आहे म्हणून नव्हे, तर मागितलं गेलं म्हणून सोडला. ऐकणाऱ्याला हे तर्काचा अभाव वाटू शकतं. पण आपल्याकडे उपवासाला बटाटा चालतो आणि वांगं चालत नाही, साबुदाणा चालतो आणि तांदूळ चालत नाही, याचं पोषणशास्त्र कुणी शोधत बसत नाही. आणि हो, उपवासाला चहा मात्र दिवसभर चालतो. आरोग्याची कारणं बहुतेक वेळा नियमानंतर येतात आणि ती कोसळली तरी नियम उभा राहतो, कारण तो त्यांच्यावर टेकलेला नसतोच.

बदल होणारच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. या पंथात प्रकटीकरण थांबलेलं नाही आणि अध्यक्षाला नवं मिळू शकतं, असं ते मानतात. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारा नियम १९७८ मध्ये एका घोषणेने गेला. पण त्या नियमामागे अन्यायाचा प्रश्न होता, बाहेरून आणि आतून दडपण होतं. चहाबंदीने कुणाचं नुकसान होत नाही, त्यामुळे ती उठवायची निकडही कुणाला नाही.

या गोष्टीचा महाराष्ट्राशी एक जुना धागा आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरले आणि पुण्याच्या लष्करी छावणीतही त्यांनी काम केलं. हाती फार काही लागलं नाही आणि काही वर्षांत ते मिशन आटोपलं. तेव्हा चहा इथल्या घरांत शिरलेला नव्हता. तो पुढच्या शतकात, चहा कंपन्यांच्या प्रचाराने आला. शिवाय त्या काळी खुद्द युटातच हा नियम सैल होता. फिंडले यांना पुण्यात अडचणी पुष्कळ आल्या असतील, पण चहाची बहुधा नसावी.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. भारतातलं पहिलं मंदिर बंगळुरूत बांधण्याची घोषणा २०१८ च्या एप्रिलमध्ये झाली. मंदिर म्हणजे दाखला आणि दाखला म्हणजे तो प्रश्न. ज्या देशात सोयरीक जुळवताना, दुकानात हिशेब करताना, मयतीहून परतल्यावर पहिल्यांदा चहाच पुढे येतो, तिथल्या सभासदाला युटातल्या डर्टी सोड्याचा काही उपयोग नाही. त्याला आलं, गवती चहाची पात आणि गूळ उकळून द्यावं लागेल. नियमाप्रमाणे ते चालतं. फक्त करणाऱ्याने सवयीने त्यात चहाची पूड टाकलेली नाही ना, एवढं विचारून घ्यायचं.